दोन्ही पाय दाखवा

माझ्या सासूबाई जन्माला आल्या त्या पाय पुढे करून. डोकं आधी यायचं ते सोडून पाय आधी आले, म्हणून त्या पायाळू. आणि पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की भरलेली उसण उतरते, असा आमच्या वाळवा तालुक्यात सगळ्यांचा समज आहे. समज किती पक्का, तर मणक्याच्या एमआरआयची पिशवी बगलेत मारून सांगलीहून परतणारी माणसंसुद्धा घरी जायच्या आधी आमच्या दारात थांबतात.

मी त्यांना आत्या म्हणते. त्यांचं नाव लीलाबाई. माझे सासरे आकाराम, म्हणजे आमचे मामा, फौजेतून हवालदार होऊन सुटले आणि उसात रमले. माझा नवरा राजवर्धन अजून फौजेत आहे, आणि मी इस्लामपूरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. म्हणजे आठवडाभर पोरांना अंधश्रद्धा निर्मूलनाचा धडा शिकवायचा आणि रविवारी सकाळी उसण भरलेल्या माणसांच्या चपला ओलांडत स्वतःच्याच घरात शिरायचं, असा माझा संसार. लग्न ठरलं तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी केलंच असतं म्हणा, राजवर्धन दिसायला बरा होता.

रविवारी ओसरीत घोंगडं अंथरलेलं असायचं. दुखणाऱ्याने त्यावर पालथं पडायचं. आत्या उजवा पाय धुऊन पुसून यायच्या, दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहायच्या आणि टाच तीनदा कमरेला टेकवायच्या. तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही. पोटरीत गोळे येत असतील तर वर कोमट तेल लावून पोटऱ्या चांगल्या रगडून द्यायच्या. पैसे घ्यायचे नाहीत, घेतले तर गुण जातो. उठलेला माणूस पाया पडायला वाकला की आत्या म्हणायच्या, "मला नगं. पायाला कर." जणू पाय वेगळा आणि आपण वेगळ्या. पायाबद्दल त्या अशा बोलायच्या, की ऐकणाऱ्याला वाटावं घरात एक कर्तबगार दीर आहे.

वळवाचे ढग गडगडायला लागले की मामा हातातलं काम टाकून घरी यायचे आणि आत्यांना मधल्या खोलीत बसवायचे. पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात. मी एकदा त्यांना वीज का पडते ते पाठ्यपुस्तकातली आकृती दाखवून समजावलं. मामांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मान डोलावली आणि आत्यांना म्हणाले, "ऐकलंस न्हवं? आता आत बस."

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधी, आत्यांनी मला मोरीपाशी बोलावलं. पदर बाजूला करून माझा हात धरला आणि डाव्या छातीवर ठेवला. आत सुपारीएवढी कडक गाठ होती. "दुखत न्हाई," त्या म्हणाल्या, "पर ही हितं कवा आली गं?" एरवी या घरात काहीही झालं तरी पहिला उपाय पायाचा. सुदैवाने गाठ अशा जागी होती, की तिथे पाय लावायचा विषय कुणाला काढता येईना. दुसऱ्याच दिवशी आम्ही मिरजेला गेलो.

मिरजेच्या त्या मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि कॅन्सर ठरला. मामा बाहेरच्या बाकावर फौजेत बसायचे तसे ताठ बसून राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आत्याच त्यांना म्हणाल्या, "आवं, पुसा की ते. माणसं बगत्यात."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक तरुण डॉक्टरीण खाटेपाशी आली. आयेशा मणेर तिचं नाव. कोरेगावात तिच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान, आणि माझं माहेर कोरेगाव. लहानपणी मी त्याच दुकानात हात पुढे करून बसलेली, त्यामुळे आमची लगेच ओळख निघाली. ती तिथे पुढचं शिक्षण घेत होती आणि तिचा अभ्यास रक्त गोठण्याचा होता.

"मावशी," ती आत्यांना म्हणाली, "उद्या जो भाग काढतील, त्यातले दोन छोटे तुकडे मला अभ्यासाला द्याल? एक गाठीतला आणि एक गाठीपासून लांबचा, चांगला. नाही म्हणालात तरी उपचारात काही फरक पडणार नाही."

मामांनी विचारलं, "चांगल्याचं काय करनार? रोग तर गाठीत हाय."

"चांगलं शेजारी ठेवल्याशिवाय बिघडलेलं किती बिघडलंय ते कसं कळणार, काका?"

आत्यांना हे उत्तर आवडलं. त्या म्हणाल्या, "दिलं. पर माजं मांस हाय. काय केलंस ते मला दावायचं. न्हाईतर देत न्हाई."

आयेशाने माझ्याकडे पाहिलं. असली अट तिला आजवर कुणी घातली नसावी. पण ती हसून बरं म्हणाली, आणि ऑपरेशननंतर टाके काढायला गेलो तेव्हा खरोखर आम्हाला तिच्या खोलीत घेऊन गेली.

खोली लहान होती. टेबलावर कोमट पाण्याचा चौकोनी डबा आणि त्यात काचेच्या नळ्या. आयेशाने दोन नळ्या उचलल्या. दोन्हींत धडधाकट माणसाच्या रक्तातलं पिवळसर पाणी होतं. एकीत तिने आत्यांच्या चांगल्या भागाचा वाटून केलेला अर्क घातला, दुसरीत गाठीचा. मग दोन्हींत आणखी एक थेंब टाकून घड्याळ लावलं आणि नळ्या सारख्या कलंडून बघायला लागली. दोन्हींतलं पाणी इकडून तिकडे वाहत होतं. आत्या पदर सावरून अगदी जवळ वाकल्या होत्या. बघता बघता गाठीच्या नळीतलं पाणी वाहायचं थांबलं. आयेशाने ती आडवी केली, तरी आतलं जागचं हललं नाही. दुसरी नळी अजून खुशाल वाहत होती. पुष्कळ वेळाने तीही गोठली.

"दोनी माजंच?" आत्यांनी विचारलं.

"दोन्ही तुमचंच."

"एका अंगातलं आन् येवढा फरक?"

"चांगल्या मांसालाही रक्त गोठवायचा गुण असतो, मावशी. तो हवाच. नाहीतर विळीने बोट कापलं तर रक्त थांबायचंच नाही. पण तुमच्या गाठीत तो फार वाढलाय. सगळ्यांच्या गाठीत सारखाच वाढतो असं नाही, म्हणून तर एकेकीचं मोजतेय."

आत्यांनी गोठलेली नळी हातात मागून घेतली. उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाल्या, "म्हंजी इरजण जास्त झालं म्हन की."

आयेशाला इतकं हसू आलं, की तिने घड्याळ खाली ठेवलं. "अगदी तेच. आणि गाठ काढली म्हणून लगेच सगळं विरजण गेलं असं नाही. आता केमोही सुरू होईल. अशा दिवसांत अंगात कुठेही रक्ताची गुठळी होऊ शकते, जास्त करून पायात. पाय सुजला की लगेच फोन करायचा."

"पायाचं मला सांगतीस व्हय गं?" आत्या म्हणाल्या, आणि मामासुद्धा त्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने हसले.

केमो सुरू झाली आणि घर बदललं. आत्यांचे केस गेले, तोंडाची चव गेली, भाकरीचा वास त्यांना नको झाला. पण या सगळ्याचं त्यांना एवढं वाटलं नाही. वाटलं ते रविवारचं. औषधाच्या अंगाने पाय लावला तर दुसऱ्याला बाधेल, असं कुणीतरी बोललं आणि लोक येईनासे झाले. घोंगडं गुंडाळून माळ्यावर गेलं. रविवारी सकाळी आत्या उजवा पाय धुऊन पुसून ओसरीत येऊन बसायच्या आणि रस्त्याकडे बघायच्या. मला वाटायचं मी सुटले, आता चपला ओलांडायला नकोत. पण तो रिकामा रस्ता मला बघवायचा नाही. एकदा मीच खोटी उसण भरवून घ्यायच्या विचारात होते.

तिसऱ्या केमोनंतर त्यांचा उजवा पाय दुखायला लागला. पोटरीत कळ धरली. पाय टेकवला की ठणका मांडीपर्यंत जायचा. नेमका उजवा, ज्याने गावाच्या पाठी सरळ केल्या तो. आत्यांनी तो आमच्यापासून लपवला आणि लंगडत राहिल्या. शेवटी मामांनी पकडलं तेव्हा त्या लहान पोरीसारख्या रडल्या. "गुण चाललाय माजा," म्हणाल्या. "पाय रुसला माज्यावर."

मी आयेशाला फोन लावला. तो वाजून वाजून बंद झाला, ती बहुतेक ऑपरेशनच्या खोलीत असावी. "आपण सरळ मिरजेलाच जाऊ," मी म्हणाले. पण मामांचं आधीच ठरलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते आत्यांनीच ठरवलं होतं. पायाळू माणसाला स्वतःला पाय लावता येत नाही. त्याला दुसरा पायाळूच लागतो. पाटणकडे तात्याबा म्हणून एक नावाजलेले पायाळू होते. मामांनी त्यांना निरोप धाडला होता आणि ते सकाळच्या एसटीने निघालेही होते.

तात्याबा आले ते दार भरून. पांढऱ्या मिशा, डोक्याला फेटा, आणि पाय असा की पाठीवर नुसता ठेवला तरी माणसाने खरं बोलावं. माळ्यावरचं घोंगडं खाली आलं. पायाळूच पायाळूला पाय लावणार म्हटल्यावर आळीतली माणसं अंगणात जमली. बरेच रविवार ओस पडलेली ओसरी अशी भरलेली बघून आत्यांच्या तोंडावर आजाराच्या दिवसांत न दिसलेला उजेड आला. मी पुन्हा फोन लावला. आयेशाने उचलला नाही.

"कवाधरनं हाय?" तात्याबांनी विचारलं.

"झालं चार-पाच दिस."

"पालथ्या पडा. आदी पाय लावतो, मग पोटरी रगडून काढतो. मोकळी करूनच जातो बगा."

आत्या पालथ्या झाल्या. तात्याबांनी चौकटीला धरलं. अंगणातली माणसं बोलायची थांबली. मी तेलाची वाटी घेऊन उंबऱ्यात उभी होते, आणि माझ्या डोक्यात सारखं तेच घोळत होतं, पाय सुजला की लगेच फोन करायचा. मी वाटी खाली ठेवली. "मामा, नको," म्हणाले. "आयेशा म्हणाली होती."

"मधी बोलू नगंस," मामा म्हणाले. तात्याबांनी पाय उचलला.

"थांबा," आत्या म्हणाल्या.

त्या हाताच्या आधाराने उठून बसल्या. मग त्यांनी जे केलं ते बघून मामांनी मान दुसरीकडे वळवली. अंगणात गडीमाणसं उभी असताना आत्यांनी लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि दोन्ही पाय लांब करून शेजारी शेजारी ठेवले. डावा नेहमीचा, बारीक, शिरा दिसणारा. उजवा जवळजवळ दीडपट, तुकतुकीत, लालसर.

"संयोगिता, हात लाव. दोनीला लाव."

मी हात लावला. डावा गार होता. उजवा तापलेला होता.

"आयेशानं नळ्या शेजारी ठिवल्या हुत्या, ध्यानात हाय?" त्या मला विचारत होत्या, पण बोलत होत्या सगळ्यांशी. "येकटीकडं बगून काय कळत नव्हतं. मी बी चार दिस ह्या येकट्या पायाकडंच बगत बसली. म्हटलं रुसला. ही चमक न्हवं, तात्याबा. हे इरजण हाय. आत गुठळी धरलीया." त्यांनी पोटरीवर अलगद हात ठेवला. "लागल्यालं दही ढवळलं की फुटतं. ह्यो गोळा फुटून कुटं जाईल?" आणि त्यांनी हात छातीवर ठेवला, जिथे आता एकच बाजू उरली होती.

तात्याबांचा पाय अजून वर होता. चेहरा लाल झाला होता. "कराडला गाडी बदलून आलोय मी, लीलाबाई. चार मान्सांत माज्या पायावर इस्वास न्हाई म्हंता व्हय?"

"तुमच्या पायावर हाय, तात्याबा. माज्या रगतावर न्हाई."

तात्याबांनी पाय हळूच खाली ठेवला. चपला घातल्या. मी चहाचं म्हणाले तर हात आडवा केला आणि तसेच चालू लागले. आमच्याकडे दारात आलेला पाहुणा चहा न घेता गेला म्हणजे ते भांडणच. अंगणातली माणसंही पांगली. जाता जाता एक बाई मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाली, "लीलाबाई दवाखान्याची झाली आता." एरवी मी तिला सोडली नसती, पण मामांनी तोवर जीप दारात आणली होती.

उसाचे दिवस. रस्त्यावर ट्रॅक्टर, मागे दोन दोन ट्रॉल्या, वर गाणी लावलेली. मामा आयुष्यात पहिल्यांदा हॉर्नवर हात ठेवूनच गाडी चालवत होते. आत्या मागच्या सीटवर पाय लांब करून पडल्या होत्या आणि त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. केस नसलेल्या डोक्यावर मी हात फिरवत होते आणि मला भीती वाटत होती, साधी, उघडी भीती. ही बाई गेली तर मी रविवारी कुणावर चिडू?

मिरजेला पायाची सोनोग्राफी झाली. मांडीतल्या मोठ्या शिरेत गुठळी सापडली. तपासणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "चोळलं का कुणी?" मी नाही म्हणाले. "बरं झालं," ते म्हणाले. "जोराने रगडलं असतं तर तुकडा सुटून फुप्फुसात जाऊ शकला असता. मग इथपर्यंत आणायला वेळ मिळाला नसता कदाचित." मामा हे ऐकून बाहेर गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले. काय करत होता विचारलं तर म्हणाले, "काय न्हाई. जीप पुसत हुतो."

पोटावर रक्त पातळ करणारी इंजेक्शनं सुरू झाली. आयेशा संध्याकाळी धावत आली, न उचललेल्या फोनबद्दल परत परत माफी मागायला लागली. आत्यांनी तिचा हात धरून खाटेवर बसवलं. मला वाटलं आता विरजणाची गंमत सांगतील. पण त्यांचा आवाज बारीक झाला.

"पोरी, मी आजवर किती जनांच्या पोटऱ्या रगडल्या, त्याला गनती न्हाई. त्यात येकादी अशी आसंल का गं?"

आयेशाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. नाही म्हणाली असती तर आत्यांना बरं वाटलं असतं. मलाही. "माहीत नाही, मावशी," ती म्हणाली. "कळायला आता काही मार्ग नाही. पण इथून पुढची तुमच्या हातून सुटणार नाही."

त्या रात्री आत्या भिंतीकडे तोंड करून पडल्या. सकाळी उठल्या त्या पहिल्यांदा चहा मागून. साखर जास्त घालायला लावली.

पाय उतरायला वेळ लागला. उरलेल्या केमो झाल्या, डोक्यावर लव आली, मग काळेपांढरे कुरळे केस आले, जे त्यांचे आधी कधीच नव्हते. "कुनाचं चुकून आलं की काय," असं त्या आरशात बघून म्हणायच्या. उजव्या पायाला घट्ट लांब मोजा घालावा लागायचा. तो चढवायला मी आणि मामा दोघं लागत असू आणि त्यावरून घरात रोज सकाळी हशा व्हायचा. मला वाटलं होतं, एवढं सगळं झाल्यावर आत्या पायाळूपण सोडतील. मी विज्ञानाची बाई, मनातून थोडी खूशही होते. एका रविवारी उठून पाहते तर ओसरीत घोंगडं अंथरलेलं.

"आत्या, हे काय?"

"बस हितं. आन् मदी बोलू नगंस."

एक ड्रायव्हर आला होता, कंबर धरून. आत्या त्याला म्हणाल्या, "आदी दोनी पाय दाव." तो गोंधळला. "आवं आक्का, पाय बरा हाय, कंबर धरलीया."

"दाव म्हंते न्हवं?"

त्याने विजार वर केली. आत्यांनी दोन्ही पोटऱ्या डोळ्यांनी पाहिल्या, हाताने पाहिल्या, मग विचारलं, दवाखान्यात पडून होतास का, ऑपरेशन झालंय का, दम लागतो का. सगळ्याला नाही आल्यावर मग उजव्या पायाचा मोजा काढून टाच तीनदा टेकवली. पोटऱ्या रगडणं मात्र त्यांनी कायमचं बंद केलं. तेलाची वाटी फोडणीकडे गेली.

आधी लोक नाराज झाले. उसण कंबरेत आणि ही बया पाय बघते, म्हणाले. पुढे सवय झाली. आता तर माणसं दारात शिरतानाच विजार वर करतात. एक पाय वेगळा दिसला की आत्या पाय लावत नाहीत, मामांना हाक मारतात, आणि मामा जीपची किल्ली शोधायला लागतात. पाय लावल्याने उसण उतरते का, हे मला आजही माहीत नाही. आयेशालाही विचारलं, ती हसते. पण वर्गात मी तुलनेचा धडा शिकवते तेव्हा पुस्तकातला प्रयोग सांगत नाही, आमच्या ओसरीतला सांगते.

यंदाच्या उन्हाळ्यात, रविवारची माणसं निघून गेल्यावर, दार भरलं. मामा उठून उभे राहिले. तात्याबा होते. त्या दिवसानंतर त्यांचा निरोप नाही, फोन नाही, वाटेत कुणाकडे विचारपूस नाही. ते आत आले, घोंगड्यावर न बसता भिंतीला टेकून बसले आणि बराच वेळ फेटा सारखा करत राहिले.

"सून बाळंत झाली," ते म्हणाले. "पोरगं झालं. धा-बारा दिसांनी तिचा डावा पाय धरला. न्हाऊ घालनारी बाई तेल घिऊन बसली हुती, रगडायला. घरची म्हनली, तुमी आदी पाय लावा." त्यांनी स्वतःच्या उजव्या पायाकडे पाहिलं. "म्या उचलला बी हुता. आन् तुमी त्या दिशी चार गड्यांत दोनी पाय म्होरं करून बसला हुता, ते डोळ्याम्होरं आलं. तसाच पाय खाली घेतला. बायकोला म्हटलं, आत जा, पोरीचं दोनी पाय शेजारी ठिवून बग."

"मग?" मामांनी विचारलं.

"येकाला येक न्हाई पटला."

मामांचा हात नकळत जीपच्या किल्लीकडे गेला.

"कराडला नेली. तुमच्यावानीच गुठळी. बाळंतपनातबी हुती म्हनं. आठ दिस ठिवून घेतली. आता घरी हाय, पोराला पाजतीया." तात्याबांनी मिशीवरून हात फिरवला, तो डोळ्यांवर गेला. "तेवढंच सांगाय आलोय. आन् त्या दिशीचा चा राह्यलाय माजा."

मी आत जायला वळले, पण आत्या उठलेल्या पाहून थांबले. मोज्याचा पाय आखडलेला, चौकटीला धरत धरत त्या तात्याबांसमोर गेल्या, वाकल्या आणि दोन्ही हात त्यांच्या उजव्या पायाला लावून कपाळाला टेकवले. आयुष्यभर लोकांनी ज्यांच्या पायाला नमस्कार केला, त्या आत्यांना कुणाच्या पायाशी असं वाकलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

तात्याबा गडबडून पाय मागे घ्यायला लागले. "आवं, आवं लीलाबाई, काय करताय? म्या तर पाय लावलाच न्हाई!"

"म्हनूनच," आत्या म्हणाल्या.

मग त्या तिथेच त्यांच्याजवळ जमिनीवर बसल्या आणि नातवाचं नाव काय ठेवलं ते विचारायला लागल्या. मी चुलीवर आधण ठेवलं, साखर जास्त घातली, आणि चहा उकळेपर्यंत पदराने डोळे पुसत उभी राहिले.